आईचा अंगठा

फोन वाजला तेव्हा कमलाताई गजभिये पहिल्या चहाचं आधण ठेवत होत्या. पलीकडून मीनलचा आवाज आला, दबलेला, घाईचा.

"ताई, जशा असाल तशा निघून या. कचरा नाही."

परक्या माणसानं ऐकलं असतं तर तो हसला असता. कमलाताईंनी गॅस बंद केला, चपला पायात सरकवल्या आणि रिक्षा धरली. कचरा ही पाच वर्षांची मुलगी होती. तिच्या काळजाला जन्मापासून भोक होतं, ओठ जांभळासारखे निळे होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ऑपरेशन होतं.

छत्तीसगढ राज्य तेव्हा नवं होतं. रायपूर राजधानी झालं आहे हे रायपूरलाच अजून खरं वाटत नव्हतं. जुन्या इस्पितळाच्या इमारतीत मंत्रालय भरायचं, लाल दिव्याच्या गाड्या गाईम्हशींतून वाट काढायच्या. लहान मुलांच्या काळजाची ऑपरेशनं करणारं मात्र गावात कोणी नव्हतं. म्हणून ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या मीनल देशकरनं काही जाणत्या लोकांना गाठून एक ट्रस्ट काढला होता. दक्षिणेतून एक सर्जन आपली माणसं घेऊन अधूनमधून यायचे, एका खासगी इस्पितळात मोजक्याच मुलांची ऑपरेशनं करायचे आणि निघून जायचे. खर्च ट्रस्टचा. खेड्यापाड्यातून आलेल्या आयांना आणि मुलांना उतरायला समता कॉलोनीत एक जुना बंगला घेतला होता. त्याला सगळे 'निवास' म्हणत. रेल्वेच्या दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढलेल्या कमलाताई तिथे रोज येऊन मुलांना तपासत, आयांना धीर देत.

निवासाच्या दाराशी पोलिसांची जीप उभी होती. लोखंडी सरकतं गेट शिपायानं बाजूला सरकवलं. ते नेहमीप्रमाणे साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं किरकिरलं. कमलाताई आत शिरताच त्यानं पुन्हा कुलूप ठोकलं. साहेबांचा हुकूम होता, आत आलेलं माणूस बाहेर जाणार नाही.

पुढच्या खोलीत ठाणेदार तिवारी बसले होते. ग्वाल्हेरकडचा माणूस, इथली छत्तीसगढी बोली त्यांच्या कानावरून जायची. समोर जमिनीवर कचराची आई रामबती बसली होती, गुडघे पोटाशी घेऊन. आणि मध्ये दुभाषा म्हणून नीलकंठ उभा होता. नीलकंठ ट्रस्टचा हरकाम्या माणूस. मूळचा वर्ध्याकडचा, पन्नाशी उलटलेला, उंच, काळासावळा, उजव्या नाकपुडीवर लहानपणी टोचल्याची बुजलेली खूण. गावोगाव फिरून आजारी मुलं शोधून आणायची, आयांचं बोलणं डॉक्टरांना समजावायचं, सकाळी दूध आणायचं, सगळं तोच करायचा.

ठाणेदारांनी विचारलं, मुलगी कुणाची? रामबती खालमानेनं काहीतरी पुटपुटली. एक वाक्य, मग थांबून आणखी एक. दारातून कमलाताईंना शब्द कळले नाहीत, पण तिचे ओठ दोनदा हललेले दिसले.

"मोर बेटी नोहय म्हणते, साहेब," नीलकंठ म्हणाला. "माझी मुलगी नाही, असं."

बस, एवढंच. ठाणेदारांनी टेबलावर हात आपटला. त्यांच्या दृष्टीनं प्रकरण उलगडलं होतं. बाई आई नाही, पोर कुठून तरी उचललेली. आता शहरात आणून कुणाला तरी देऊन टाकली. संध्याकाळी बाईला ठाण्यात न्यायचं आणि बोलती करायचं. तोवर तिला मागच्या खोलीत कोंडून ठेवा.

मीनल रडकुंडीला आली होती. इस्पितळातून दोनदा फोन येऊन गेला होता. मुलीला आज संध्याकाळपर्यंत दाखल करा, नाहीतर उद्याची जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. सर्जन परवा परत जाणार होते. पुढची खेप पावसाळ्यानंतर.

"आणि कचरा पावसाळा बघणार नाही," मीनल हळूच म्हणाली. "डॉक्टरांनीच सांगितलं होतं. विशाल थांबू शकतो, ही नाही थांबू शकत."

विशाल म्हणजे तोच पुढचा मुलगा. दुर्गहून आईबरोबर आला होता, रूपाली तिचं नाव. दोघं पुढच्या अंगाच्या खोलीत उतरले होते. नीलकंठनं त्यांना ट्रस्टच्या दुर्गमधल्या तपासणी शिबिरात पहिल्यांदा पाहिलं आणि इथे आणलं, असं मीनलला ठाऊक होतं.

कमलाताईंनी पदर खोचला आणि एकेकाला विचारायला सुरुवात केली. ठाणेदारांनी कपाळाला आठी घातली, पण अडवलं नाही. पांढऱ्या केसांच्या नर्सबाईला कोण अडवतो?

नीलकंठची हकीकत सरळ होती.

"मी उजाडता उजाडता दुधाले निघालो, सिस्टरबाई. पाह्यतो तं गेट उघडंच."

"पूर्ण उघडं?"

"नाही जी. माणूस जाईल एवढंच सरकवलेलं. मले वाटलं मीनलताईनं उघडलं असंल. मी सायकल काढली न् गेलो. वापस आलो तं बोंबाबोंब."

"तुम्ही गेला कुठवर?"

"दूध संपलं होतं ना नेहमीच्या ठिकाणी. दूरवर जावं लागलं."

चाव्या दोनच. एक त्याची, एक वर राहणाऱ्या मीनलची. मीनलनं आपली चावी उशाखालून काढून दाखवली. रात्री काही आवाज? काहीच नाही. पहाटे गेट किरकिरलं ते तेवढं एकदा, रोजच्यासारखं, आणि ती कूस बदलून पुन्हा झोपली.

रामबतीला अजून पुढच्याच खोलीत बसवून ठेवलं होतं, तेवढ्यात कमलाताई मागच्या खोलीत गेल्या. रामबतीचं बोचकं कोपऱ्यात होतं, कचराचा फ्रॉक खिडकीच्या गजावर वाळत होता. खिडकीच्या कट्ट्यावर कॅमेऱ्याच्या रोलची एक डबी असायची. तिच्यात कमलाताईंनी स्वतः गोळ्यांचे बारीक तुकडे करून ठेवले होते. कचरा रडून काळीनिळी पडू लागली की तो तुकडा द्यायचा. कधी नि किती, ते त्यांनी मीनलला आणि नीलकंठला समजावलं होतं. रामबतीला गोळ्या ओळखू येत नसत.

डबी कट्ट्यावर नव्हती. खाली नव्हती. बोचक्यात नव्हती.

पोर पळवणारा औषध कशाला नेईल?

इतक्यात बाहेर शिपायानं काठी आपटली. विशाल घाबरून ओरडला. कमलाताईंनी वाकून पाहिलं. रूपाली न्हाणीघरात होती. तो पोरगा धावत आला तो मीनलकडे नाही, कमलाताईंकडे नाही, थेट नीलकंठच्या मांड्यांना बिलगला. नीलकंठनं त्याला उचललं. थोड्या वेळानं दोघं ओट्यावर बसले होते आणि विशाल त्याच्या बशीतली चहात भिजवलेली पोळी बोटांनी खात होता.

दुपार तापली. मे महिन्याची रायपूरची दुपार ती, भिंतींतून सुद्धा धग येते. कमलाताईंनी रामबतीजवळ बसू द्यायला सांगितलं. शिपायानं दोघींना आत सोडलं आणि बाहेरून कडी घातली. कडीचा आवाज ऐकून कमलाताईंनाच घाम फुटला. एक खिडकी, तिला गज. पंखा वीज गेल्यामुळे उभा. जन्मात प्रथमच त्यांनी कुलपाच्या आतली बाजू पाहिली.

रामबती पाणी मागेना, जेवेना. बऱ्याच वेळानं तिनं न्हाणीघराकडे बोट दाखवलं. शिपायानं कडी काढली, कमलाताई तिच्यासोबत चालू लागल्या. मधला चौक ओलांडताना एक गोष्ट घडली. चार पावलं टाकून रामबती थांबली. तिचा उजवा हात खाली, गुडघ्याच्या उंचीवर, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखा सैल लोंबत राहिला. क्षणभरानं तिचं तिलाच कळलं आणि ती पुढे गेली. परत येताना पुन्हा तेच.

अशी मुलं चार पावलं चालली की उकिडवी बसतात. दम भरून आला की मग उठतात. कमलाताईंनी अशी कितीतरी पाहिली होती. आणि त्यांच्याबरोबर थांबून थांबून ज्यांच्या पायांना तशीच सवय लागते, अशा बायाही पाहिल्या होत्या. पोर उचलून आणलेल्या बाईच्या पायात ही सवय येत नाही. ही वर्षानुवर्षं या मुलीबरोबर चालली होती.

मग माझी नाही काहून म्हणते?

खोलीत आल्यावर कडी पुन्हा लागली. कमलाताई तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. छत्तीसगढी त्यांना येत होती, पेशंटांनीच शिकवली होती. त्यांनी मुलीच्या नावापासून सुरुवात केली. मीनलला ते नाव सोसलं नव्हतं, तिनं ट्रस्टच्या फायलीत 'कांचन' लिहिलं होतं. पण कमलाताईंच्या भंडाऱ्याकडच्या गावातही दगडी होती, धोंडी होती. ज्या घरात पाळणे रिकामे झाले, त्याच घरात अशी नावं ठेवत, मरणाला लोभ सुटू नये म्हणून. वडिलांनी दीक्षा घेतल्यावर असल्या सगळ्या समजुती घराबाहेर फेकल्या होत्या. कमलाताईंचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. पण आठवण होती.

"हिच्या आधीची राहिली नाहीत ना?" त्यांनी विचारलं.

रामबतीनं डोळे मिटले.

"मग हिला कोणाला विकलीस?"

बाई दचकली. कितीतरी वेळ ती कमलाताईंच्या तोंडाकडे पाहत राहिली, जणू बंद खोलीला अचानक दार फुटलं होतं.

"केंवटिन ला," ती म्हणाली.

पुढचं हळूहळू आलं. गावात मुरमुरे भाजणारी एक म्हातारी होती, जातीनं केंवटिन. कचरा जन्मली तेव्हा रामबतीनं तिला उंबऱ्यावरून त्या म्हातारीच्या पदरात टाकलं. म्हातारीनं सूपभर कोंडा देऊन तिला विकत घेतलं आणि सांभाळायला म्हणून परत रामबतीच्याच मांडीवर ठेवलं. त्या दिवसापासून मुलगी केंवटिनीची. मरण दारात येऊन विचारील तेव्हा रामबतीनं सांगायचं, माझी नाही. एकदा जरी 'माझी' म्हटलं की मरणाला वाट मिळाली.

आणि काल इस्पितळात डॉक्टरांनी कागद पुढे केला होता. आईनं इथे अंगठा द्यायचा, की ही मुलगी माझी आहे आणि हिची छाती उघडायला माझी हरकत नाही.

अंगठा दिला तर मुलगी मरणार. नाही दिला तर ऑपरेशन नाही, तरी मुलगी मरणारच. काल संध्याकाळपासून ही बाई या दोन भिंतींमध्ये उभी होती.

"मग कचरा कुठे आहे?"

रामबतीनं मान हलवली. सांगायचं नाही अशी तिच्याकडून शपथ घेतली होती, मुलीच्याच डोक्यावर हात ठेवून. फक्त एवढंच म्हणाली की केंवटिन तिला संध्याकाळी घेऊन येईल. अंगठा मालकिणीचाच हवा ना.

"शपथ कोणी घेतली, ते नको सांगू," कमलाताई उठल्या. "ते मी सांगते."

त्यांनी दारावर थाप मारली.

पुढच्या खोलीत त्यांनी सगळ्यांना बसवलं. ठाणेदार, मीनल, रूपाली, मांडीवर विशाल. नीलकंठ दाराला टेकून उभा राहिला. रामबतीला कमलाताईंनी आपल्याजवळ खुर्ची दिली. आधी त्यांनी नीलकंठलाच साधा प्रश्न विचारला. आपल्या वर्धा-भंडाऱ्याकडे, किंवा इथे, पोर जगावं म्हणून विकायची रीत असते म्हणे, खरं का?

"पोर विकते कोणी?" तो हसला. "मी तं असलं काही ऐकलंच नाही, सिस्टरबाई."

"उगाच विचारलं," कमलाताई म्हणाल्या आणि ठाणेदारांकडे वळल्या. त्यांनी विकण्याची रीत समजावून सांगितली. 'खरेदी' हा शब्द ऐकताच ठाणेदार ताठ झाले, पण सूपभर कोंडा ऐकून पुन्हा खुर्चीत टेकले.

"सकाळी या बाईनं तुम्हाला दोन वाक्यं सांगितली, साहेब. माझी नाही, केंवटिनीची आहे. तुमच्यापर्यंत एकच आलं. दुसरं मधेच कुणीतरी गिळलं."

नीलकंठ सरळ उभा राहिला.

"आता गेट," कमलाताई सावकाश म्हणाल्या. पेशंटला सुई टोचण्याआधी बोलावं तसा त्यांचा स्वर होता. "नीलकंठभाऊ म्हणतात, चोरानं माणूस जाईल एवढं गेट सरकवलं होतं. त्या फटीतून सायकल निघत नाही. ती काढायला गेट पुन्हा सरकवावं लागलं असतं, आणि ते पुन्हा किरकिरलं असतं. मीनलनं एकदाच ऐकलं. म्हणजे गेट एकदाच उघडलं, पूर्ण. चोर आणि सायकलवाला एकाच वेळी बाहेर पडले."

कमलाताईंनी एक बोट दुमडलं.

"कचराला नेणाऱ्यानं तिच्या गोळ्याही नेल्या. त्याला ती मरायला नको होती, वाटेत गुदमरायला नको होती. त्या गोळ्या ओळखणारे आम्ही तिघंच. मी घरी होते. मीनल वर होती."

"पन मी काहून नेऊ?" नीलकंठचा आवाज चिरकला. "माहा काय फायदा?"

कमलाताईंनी रूपालीच्या मांडीवरच्या पोराकडे पाहिलं. "शिबिरात ओझरतं पाहिलेल्या माणसाच्या मांडीला घाबरलेलं पोर बिलगत नाही. त्याच्या बशीतलं उष्टं खात नाही. रूपाली, हे तुझे कोण?"

रूपालीनं पोराला जवळ ओढलं. तिनं वडिलांकडे पाहिलं. "बाबांनी सांगितलं होतं, नातं सांगायचं नाही," ती म्हणाली. "बाकी मला काही माहीत नाही, ताई. कचराचं मला खरंच काही माहीत नाही."

मीनलनं कपाळाला हात लावला. ट्रस्टच्या कामकऱ्यांच्या नातेवाइकांना मदत द्यायची नाही, असा नियम होता. तो तिनंच घातला होता, कुणी बोट दाखवू नये म्हणून.

"तुम्ही मला सांगितलं असतं तर..."

"सांगितलं असतं तं तुम्ही त्याचं नाव काढलं असतं," नीलकंठ म्हणाला. आणि मग तो भिंतीला घासत खाली बसला.

उरलेलं कमलाताईंनीच जुळवून सांगितलं, नीलकंठ खालमानेनं होकार देत गेला. काल डॉक्टरांसमोर रामबती अंगठा देईना, तेव्हा कारण फक्त दुभाष्याला कळलं. त्यानं डॉक्टरांना सांगितलं, बाई लाजते आहे. रामबतीला सांगितलं, मालकिणीचा अंगठा चालेल, मी तिला बोलावतो. तू कुणाला बोललीस तर पोर तुझी नाही म्हणून तुरुंगात टाकतील. केंवटिनीला निरोप धाडून त्यानं अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीच्या स्टेशनावर बोलावून घेतलं. पहाटे रामबतीनं स्वतःच्या हातानं झोपलेली मुलगी त्याच्या खांद्यावर दिली. म्हणून पोर रडली नाही, म्हणून झटापट झाली नाही. आणि स्टेशनावर त्यानं म्हातारीला वेगळंच सांगितलं असणार. डॉक्टरनं नाही म्हटलं, पोरीला घरी घेऊन जा.

"एक वाट बघते की म्हातारी येईल. दुसरी तिकडे पोरीच्या मरणाची वाट बघते. दोघींनी तुमच्यावर विश्वास ठेवला, नीलकंठभाऊ. कारण ही रीत तुम्हाला समजते असं त्यांना वाटलं. आणि समजतेच. पोर विकतात हे ऐकलंच नाही म्हणालात ना? मुलगा विकला की त्याची उजवी नाकपुडी टोचतात, आमच्याकडे आणि तुमच्याकडेही. तुम्हालाच कुणीतरी विकत घेतलं होतं, म्हणून तुम्ही आज इथे आहात."

नीलकंठचा हात नकळत नाकपुडीशी गेला. तिथेच थांबला.

"पोट्टा रात्री निळा पडते, सिस्टर," तो म्हणाला. "थांबू शकते म्हणतात डॉक्टर. मी आजा आहो. मी कसा थांबू?"

ठाणेदारांनी शिपायाला खूण केली. त्यांनी विचारण्याआधीच नीलकंठनं गावाचं नाव सांगितलं, धमतरीच्या वाटेवरचं. जाताना तो उंबऱ्यात अडला.

"माह्या विशालचं नाव काढसान का?"

"त्याचं नाव जिथं आहे तिथंच राहील," मीनलऐवजी कमलाताई बोलल्या. मीनलनं खाली बघून मान डोलावली.

जीप गेली ती ऊन उतरताना परतली. केंवटिन पुढच्या सीटवर ठाणेदारांच्या शेजारी बसली होती, मांडीवर कचरा, हातात गोळ्यांची डबी घट्ट धरलेली. वाटेत तिनं ठाणेदारांना भरपूर ऐकवलं होतं. त्यातलं फार थोडं त्यांना कळलं, आणि ते बरंच झालं. जीप तशीच इस्पितळाकडे वळली.

सर्जनना कमलाताईंनी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी कागदावरचा 'आई' हा शब्द खोडून 'पालक' लिहिलं आणि ठाणेदारांना साक्षीला सही करायला सांगितली. ठाणेदारांनी खिडकीबाहेर पाहत सही केली. केंवटिनीनं अंगठा दाबला, तो शाईत इतका बुडवून की कागदाखालच्या टेबलालाही डाग पडला. रामबती दाराबाहेर उभी होती. तिच्या अंगठ्याला शाईचा थेंबही लागला नाही.

ऑपरेशन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं. सर्जन बाहेर आले, थकलेले, आणि म्हणाले, झालं. पुढची रात्र कठीण आहे, पण झालं.

अतिदक्षता विभागाच्या दारात नर्सनं सांगितलं की आत एकच बाई बसेल, कागदावर जिचं नाव आहे ती. रामबती दोन पावलं मागे सरली. केंवटिनीनं डोळे चोळले आणि मोठ्यानं कुरकुर सुरू केली. सांजेनंतर तिला दिसत नाही, मशिनीचा आवाज सहन होत नाही, कंबर तर कधीचीच गेली. तिच्या पोरीजवळ ही शेजारीण बसेल. शेजारीण भली आहे.

नर्सनं कमलाताईंकडे पाहिलं. कमलाताईंनी हिरवा झगा उचलला आणि रामबतीच्या अंगात चढवला.

आत कचराचे ओठ पहिल्यांदाच गुलाबी दिसत होते. नर्सनं वहीत लिहायला पेन काढलं आणि विचारलं, मुलीच्या तुम्ही कोण?

"कोनो नोहंव," रामबती म्हणाली. कुणी नाही. आणि स्टूल ओढून तिनं मुलीचं पाऊल दोन्ही हातांत घेतलं.